नव्यांचा वेगळा ग्रुप

गुरुवार, संध्याकाळ

ऑफिसातून आल्यावर चप्पलही काढली नव्हती, तोच फोन हातात. आमच्या ग्रुपवर प्रत्येकजण एकेक पात्र होऊन गोष्ट लिहितो. पिंपळगावच्या कमलताई नव्या. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला. काल त्यांनी एका ओळीत आमचा राजाच मारला. सुधीरदादा भडकले, राजा त्यांचा होता. "नव्यांना वेगळं काढ," म्हणाले. ग्रुप मी चालवते, नव्यांचा वेगळा ग्रुप काढून दिला.

आज ताईंचा मेसेज: "इकडं समदेच नवे. माझ्या राणीला कुणी उत्तरच देत नाय."

राजा मेला, तर काय एवढं? पण रागावले तर मीही होतेच.

शेवटी तिकडे जाऊन लिहिलं, "राणीसाहेब, मी तुमची नवी दासी. काय हुकूम?"

लगेच उत्तर आलं: "आधी बस. दमलेली दिसतेस."