आत्याच्या चुलीतला विस्तव

इनिशलॉन बेट
३ ऑक्टोबर १९७८

चि. कोलम यास ऊनाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोचले. समुद्र खवळला होता, मी नाही. आठ दिवसांत आत्याची समजूत घालून, घराला कुलूप लावून, तिला गॉलवेला तुझ्याकडे आणायचं आहे हे लक्षात आहे. पण बाबीन आत्या चौऱ्याऐंशीची झाली तरी ऐकणाऱ्यातली नाही. आल्या आल्या म्हणाली, मास्तरीणबाई, तुमची शाळा संपली, आता विस्तव सांभाळायला शिका. संध्याकाळी निखारे राखेत पुरायचे, सकाळी उकरून वर जळणाची, दलदलीच्या मातीची वाळकी ढेकळं रचायची. पणजीपासून हा विस्तव विझलेला नाही. तो जिवंत आहे तोवर होडीत पाय ठेवणार नाही, असं तिने बजावलं आहे.

नोराला आशीर्वाद. लोभ आहेच.

तुझी ताई, ऊना

गॉलवे
६ ऑक्टोबर

ती. ऊनाताईस कोलमचा सा. न.

पत्र वाचून हसू आलं. एक बादली पाणी ओत आणि मोकळी हो! वृद्धाश्रमातली खोली पंधरा तारखेपर्यंतच राखून ठेवतील. आमच्या घराचा जिना आत्याला झेपणार नाही, असं नोराचं म्हणणं. आत्याला खोलीचं आत्ताच सांगू नकोस. मागच्या हिवाळ्यात ती अंगणात पडली, तेव्हा दोन दिवस होडी जाऊ शकली नव्हती. पुन्हा तसं झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

माझ्यावर चिडू नकोस, एवढीच विनंती.

तुझा, कोलम

इनिशलॉन
१२ ऑक्टोबर

चि. कोलम यास आशीर्वाद. वि. वि.

वृद्धाश्रमाचं मला आधी का सांगितलं नाहीस, ते भेटल्यावर विचारीन.

तुझं काम परवाच झालं होतं. सोमवारी आत्याला ताप होता, विस्तव मी पुरला. राख कमी पडली. मंगळवारी सकाळी चूल थंडगार. आत्या ओरडली नाही. खाटेखालची पेटी ओढली, शाल घेतली आणि दाराशी बसून म्हणाली, चल, कोलमने खोली बघितलीच असेल. खोलीबद्दल मी एक शब्दही बोलले नव्हते.

तीस वर्षं मी मुलांकडून त्यांच्या चुका दुरुस्त करून घेतल्या. बादली उचलली आणि टेकडीपलीकडे मार्टिनकडे गेले. धाकटी आत्या लग्न होऊन त्या घरात गेली ती आपल्या चुलीतले निखारे घेऊन. तिच्या मुलाने ते अजून राखले आहेत. त्याच्या बायकोने विचारलं, अहो, काडेपेटी नाही का घरात? मार्टिनने तिला गप्प केलं, बादलीत तीन निखारे टाकले आणि म्हणाला, तुमचेच आहेत, न्या. वाटेत पाऊस. कोट बादलीवर धरला, मी भिजले.

चूल पेटल्यावर आत्याने पेटी पुन्हा खाटेखाली ढकलली आणि म्हणाली, बघत काय बसलीस, चहा टाक.

खोली सोडून दे. ती पडली तेव्हा घरात कोणी नव्हतं, ही तुझी काळजी खरी आहे. आता मी आहे, निदान हा हिवाळाभर. माझे लोकरीचे मोजे आणि दुसरा चष्मा पाठव. न्यायला येऊ नकोस, भेटायला ये. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई, ऊना

ता. क. येताना बादली आण. पाणी ओतायला नव्हे, निखारे न्यायला.