तिसऱ्या मजल्यावरचं थेटर

आई, नांदेडच्या मॉलमधलं थेटर बंद पडलं. मी तुझ्यावर खेकसले होते ते, तिसऱ्या मजल्यावरचं. परवा लातूरहून दादाकडं गेले तेव्हा मुद्दाम त्याला तिथं गाडी थांबवायला लावली. सरकता जिना बंद होता, तिकीट खिडकीच्या काचेवर आतून पेपर चिकटवलेले. खाली एक कपड्याचं दुकान तेवढं चालू आणि एक पेंगणारा वॉचमन. आम्ही त्या बंद जिन्यावरून पायीच वर गेलो.

मला सगळं लख्ख आठवत होतं. दादाला नांदेडात नोकरी लागली म्हणून त्यानं आपल्याला पिक्चरला नेलं. तू भोकरहून एसटीनं आलीस. जिन्याच्या तोंडाशी थबकलीस, चपला काढून हातात घेतल्यास आणि मगच पाय टाकलास. मागची पोरं हसली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत इतका गारठा, की तू खुर्चीवर पाय घेऊन मांडीच घातलीस आणि पदर अंगभर लपेटून घेतलास. तोच हिरवा इरकली पदर, निखाऱ्यानं जळालेला, काळ्या दोऱ्यानं रफू केलेला, माझ्या अगदी गालाशी. पडद्यावर कोणी रडायला लागलं की तू मोठ्यानं विचारायचीस, काय झालं गं तिला? एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "गप बस ना. लोक बघायलेत. तुला आणायलाच नको होतं." तू पाय खाली सोडलेस आणि पुढचा पिक्चर तोंडाशी पदर धरून पाहिलास.

हे मी दादाला सांगत होते, तर तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "आई कशी आसंल? ती गेल्यावर तीन वर्षांनी उघडला ह्यो मॉल. मावशी होती ती. आईचं लुगडं नेसून आल्ती."

मी त्याच्याशी भांडले. तुला वेड लागलंय, म्हणाले. घरी येऊन पडून राहिले, तेव्हा एकेक आठवायला लागलं. तुझे दिवस झाल्यावर लुगडी बहिणींत वाटली, त्यातलं हिरवं इरकल मावशीनं मागून घेतलं होतं. आणि भोकरहून तू कशी येशील, तू तर लातूरला, भोकरला मावशी असते. मग तो आवाज? 'काय झालं गं तिला' हे मला आजही तुझ्याच आवाजात ऐकू येतं. तुम्हा दोघींचा आवाज सारखा होता का, हेही आता आठवत नाही.

याहून गोंधळाची गोष्ट पुढं आहे. तू अहेव गेलीस, म्हणून दरवर्षी पितृपंधरवड्यात नवमीला दादाकडं तुझ्या नावानं सवाष्ण जेवू घालतो. सवाष्ण म्हणजे मावशीच. तिची ओटी भरून मी पाया पडते, ते तुला पोचतं असं मानून. आणि डोकं टेकवून दरवर्षी मनात म्हणते, आई, थेटरातलं ते बोलणं विसर. म्हणजे जिला दुखावलं तिच्याच पायावर डोकं ठेवून मी इतकी वर्षं माफी मागत होते, आणि मागत होते तुझी. मावशी पाठीवरून हात फिरवायची. ती ते विसरली असेल, की विसरली नसूनही गुमान जेवून जात असेल?

नवमी जवळ आली आहे. या खेपेला तिला तोंडानं सांगायला हवं, एवढं कळतं. पण सांगितलं की ती दुपार तिची होणार. तू मॉल न बघताच गेलीस, आपण दोघी शेजारी बसून कधी पिक्चर पाहिलाच नाही, हे मला कबूल करावं लागणार. खेकसले तर खेकसले, पण तू माझ्याजवळ होतीस, एवढं तरी माझं होतं. ते सोडवत नाही गं.

सवाष्णीला जेवायचं आवतण द्यायचं काम माझ्याकडं असतं. काल मावशीचाच फोन आला, कितीच्या गाडीनं येऊ म्हणून. मी म्हणाले, या वर्षी दुसरी सवाष्ण सांगितलीय. ती 'बरं बाई' म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. खोटं बोलले, आई. अजून कोणालाच सांगितलेलं नाही.