टाकीतली एक्केचाळीस पिल्लं

दुसरबीड,
१४ मे १९६७

प्रिय निवृत्ती,

दीड वर्षानं माझं अक्षर पाहून दचकशील. आधी घरचं सांगतो. माय आता बरी आहे, चुलीपुढे बसून भाकरी थापते. कांदा निघाला. विहिरीवर नवं इंजिन बसवलंय आणि दिवसभर त्याच्याच मागे असतो. इंजिनाचं पाणी पाटात पडलं की अजूनही हात आपोआप बोटं बुडवून चाखायला जातो. खारट नसतं, हे कळायला क्षणभर लागतं.

समुद्र आपण दोघांनी एकाच दिवशी पाहिला होता. तू पदवीवाला, मत्स्यकेंद्रात सहायक म्हणून आलेला. मी मॅट्रिक, टाक्या धुवायला. पण आपल्या भागातला, सोनाळ्याचा माणूस त्या किनाऱ्यावर भेटला, तर मला भाऊच भेटला. आपण 'जाऊन राह्यलो' म्हटलं की सारं केंद्र हसायचं. तू मुद्दाम आणखी मोठ्यानं म्हणायचास.

कोळ्यांनी वाळूतून उकरून आणलेली कासवाची अंडी साहेबांनी माझ्या हवाली केली. त्रेसष्ट पिल्लं निघाली. काळी, ओली, तळहातावर ठेवलं तर बोटांना ढकलत पुढे सरकणारी. पंधरवड्यात बावीस गेली. एकमेकांचे वल्ह्यासारखे पाय चावायची, जखमेवर पांढरी बुरशी धरायची. पुस्तकात तुला उपाय सापडेना. मी कळकाच्या टोपल्या आणल्या, टाकीत तरंगत्या बांधल्या आणि चावरी पिल्लं वेगळी केली. आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ, आणि मी रोज पहाटे कोळंबी बारीक चिरायला बसायचो. पहिल्या दिवशी ओकलो होतो. तू पाठीवरून हात फिरवत होतास. मग एकही पिल्लू मेलं नाही. मार्गशीर्षापर्यंत एक्केचाळीस पिल्लं बशीएवढी झाली होती. त्यांना समुद्रात सोडायचा दिवसही ठरला होता.

त्याआधी दहा दिवस माय आजारी असल्याची तार आली. साहेब दौऱ्यावर होते, म्हणून रजेचा अर्ज मी तुझ्या हातात दिला. तू तो वाचलास, घडी करून खिशात ठेवलास. एसटीपर्यंत माझी पिशवी तूच आणलीस. 'तू जाय बे. टाक्यायचं मी पाह्यतो. मायले सांभाळ,' असं तू म्हणालास. खिडकीतून मी तुला तीनदा सांगितलं की पाणी रोज बदल, उन्हाआधी बदल. तू हसून हात हलवलास.

नवव्या दिवशी परतलो तेव्हा टाक्या कोरड्या होत्या, आतून चुना मारलेला. टोपल्या एकात एक घालून भिंतीशी ठेवल्या होत्या. साहेबांच्या खोलीत तू आधीच उभा होतास. मी म्हणालो, अर्ज देऊन गेलो होतो. साहेबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, 'मला काही सांगून गेला नाही, साहेब.'

ते वाक्य तू पुण्याच्या माणसासारखं, शुद्ध बोललास. माझ्यादेखत तू असं कधीच बोलला नव्हतास. मी तुझ्या तोंडाकडे पाहत राहिलो, तोवर साहेबांनी मला कामावरून काढून टाकलं होतं. आपल्या खोलीवर येशील, काहीतरी सांगशील, म्हणून रात्रभर वाट पाहिली. तू आला नाहीस. दुसऱ्या दिवशी स्टँडवर चौकीदारानं सांगितलं की तू चार दिवस मित्राच्या लग्नाला गेला होतास. पाणी कुणीच बदललं नव्हतं.

घरी मी सांगितलं की समुद्राची हवा मानवली नाही, म्हणून नोकरी सोडली. तुझं नाव कुणाजवळ काढलं नाही. तुझं पत्र येईल असं वाटायचं. पोस्टमन दिसला की वर्षभर तरी उठून उभा राहायचो.

परवा तुझे वडील, पुंजाजीकाका, दोन पाहुण्यांसह आमच्याकडे आले. माझ्या बहिणीसाठी, कोकिळेसाठी, तुझं स्थळ घेऊन. बाबा हरखून गेले. सगळ्यांदेखत मला विचारलं, 'तू तं त्याच्यासंगं एका खोलीत राह्यला. सांग, कसा हाय पोरगा?' पाणी आणायच्या निमित्तानं मी उठलो. माझं गप्प राहणं त्यांनी होकार धरलं. आज कोकिळेला गोठ्यात बोलावून सगळं सांगितलं. शेण काढता काढता ती थांबली आणि म्हणाली, 'भाऊ, पिल्लं मेले, ते चुकीनं झालं म्हणू. पण अर्ज नव्हताच म्हणाला, त्याचं त्यानं तुले मागून एक अक्षर लिवलं का?' मी मान हलवली. नाही. 'मंग मले नाही जमत. बाबाले मी सांगतो, त्याले तू लिही.' म्हणून हे पत्र. पुंजाजीकाकांना बाबा वेगळं लिहितील. त्यात 'योग नाही' एवढंच असेल. म्हातारा माणूस गावात मान वर करून चालतो, तो तसाच चालू दे. खरं कारण तुला एकट्याला माहीत असावं.

एकेकाळचा तुझाच,
इंद्रभान