साडूच्या पेट्या तीस जूनला मरणार

३ एप्रिल
जेवताना साडू सगळ्यांसमोर म्हणाला, तुमचं ते कॉम्प्युटरवरचं मधमाश्यांचं मॉडेल म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. सासूबाई हसल्या. बायकोही हसली, तोंडात घास असताना. त्याच्याकडे मधमाश्यांच्या बारा पेट्या, माझ्याकडे एक. पण पीएचडी माझ्याकडे आहे. बघून घेईन.

५ एप्रिल
साडूच्या पेट्यांत माइट आहेत. खालच्या फळीवर पडलेले मी गुपचूप मोजून आलो. तिळाहून लहान गोचीडच ती. पिल्लाच्या घरात शिरते, मेणाचं झाकण बसलं की आत आरामात वीण वाढवते, आणि माशी वाकड्या पंखांची निघते. आकडे भरले. मॉडेल म्हणतं, तीस जूनला बाराही पेट्या खलास. कॅलेंडरवर लाल गोल केला. बायकोने विचारलं, कुणाचा वाढदिवस? म्हटलं, तसंच समज.
माझ्या पेटीतले माइट : शून्य. उघडून पाहिलं नाही. शास्त्रज्ञाच्या पेटीत कुठून येणार?

२० एप्रिल
संकल्प : तीस जूनपर्यंत साडूशी गोड बोलायचं. मग एक अक्षर न बोलता ग्राफ पुढ्यात ठेवायचा.

११ मे
साडूकडे गेलो. पेट्या गजबजलेल्या. असू दे, दिवा विझताना मोठाच होतो. म्हणाला, माइटना नरांची पिल्लं जास्त आवडतात, म्हणून नरांसाठी वेगळी चौकट ठेवतो. झाकणं बसली की सुरीने माइटसकट सगळं कापून कोंबड्यांना घालतो. माझ्या मॉडेलमध्ये नर आहेत, सुरी नाही. असल्या अडाणीपणाला व्हेरिएबल नसतं.
तुमची पेटी बघू का, म्हणाला. म्हटलं, तुम्ही तुमचं बघा.

२ जून
बायको म्हणते, अंगणात वाकड्या पंखांच्या माश्या रांगताहेत. तिला माश्यांतलं काय कळतं! शिवाय मी ग्राफचे रंग निवडतोय.

२९ जून
शर्टला इस्त्री. ग्राफची रंगीत प्रिंट. आरशात चेहरा करून पाहिला : दुःखी, पण समजूतदार.

३० जून, सकाळ
बाराही पेट्या ठणठणीत. कोंबड्याही. मेल्या काय लठ्ठ झाल्यात!

दुपार
घरी येऊन माझी पेटी उघडली. तळाशी मूठभर मेलेल्या माश्या, त्यांत राणी. बाकी चिटपाखरू नाही. दीड वर्ष सांभाळल्या होत्या.

संध्याकाळ
साडू आला. बायकोनेच फोन केला होता. राणीसकट माश्यांनी भरलेली एक चौकट आणि त्याची जुनी सुरी देऊन गेला. हसला नाही. हसला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
तारीख मात्र मॉडेलने अचूक सांगितली. फक्त पेटी चुकली.
सुरी बोथट आहे. उद्या त्याला चांगलं सुनावणार आहे.