मेसचा चहा

अहो,

सप्रेम नमस्कार. लेकाच्या पायाचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल, काळजी नको. तुम्ही वेळेवर जेवता ना?

त्याचे होस्टेलचे सोबती रोज इथे आमच्या खोलीवर भेटायला येतात आणि मेसच्या खाण्याची टर उडवतात. चहाला ‘डबकं’ म्हणतात, बिस्किटांना ‘फरशी’, सूपला ‘बूटधुवण’. आचाऱ्याच्या तोंडावर म्हणतात आणि तोही हसत पळी उगारतो. माझं सूप मात्र “छान आहे हं, काकू” म्हणत पाहुण्यासारखे गुपचूप पितात.

काल मी चहा टाकला आणि वळून बघते तर खाट रिकामी! स्वारी कुबडी घेऊन मेसमध्ये गेलेली. “रागावू नकोस आई, जरा डबकं पिऊन आलो.” माझा चहा तसाच निवला. त्या आचाऱ्याला पाहिलं की माझ्या पोटात दुखतं, हे तुम्हालाच सांगते.

सुट्टीत घरी चल म्हटलं, तर “बघू” म्हणतो. शेवटी विचारलंच, “माझ्या सूपला काय म्हणता रे तुम्ही?”

“काहीच नाही गं, आई.”

तेच तर झोंबलं.

तुम्हीही इतकी वर्षं मुकाट्याने जेवता आहात. माझ्या माघारी कशाला काही नाव दिलं असेल, तर कृपा करून कळवा. मी रागावणार नाही.

तुमचीच,
मी