फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतो

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ७.४०

या वर्षी रोज लिहिणार. रोज म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी.

संकल्प तीन. सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाणं. बाहेरचं खाणं बंद. बॅचचं गेट-टुगेदर. तिसरा महत्त्वाचा असल्यामुळे पहिल्या दोघांवर फार ताण द्यायचा नाही असं ठरवलं आहे.

इंजिनिअरिंग संपून साडेसहा वर्षं झाली. मेकॅनिकलच्या ग्रुपवर आम्ही तेवीस जण. दर वर्षी ट्रिप ठरते, कुणीतरी 'बघू' म्हणतं, आणि मग सगळेच बघत बसतात. या वर्षी ते चालणार नाही. मार्चमध्ये योगेश आयर्लंडला चालला आहे, कायमचा. आम्ही दोघं बीडकडून आलो आणि चार वर्षं बिबवेवाडीत एका खोलीत, एका पंख्याखाली राहिलो. मी अजून बिबवेवाडीतच आहे. तो खराडीला गेला. माझं ऑफिसही खराडीतच. त्याच्या ऑफिसची इमारत माझ्या खिडकीतून दिसते. दोन वर्षांत भेट नाही. दोघंही बिझी. तो जरा जास्तच असावा.

तर तो जायच्या आत सगळ्यांनी एकदा एकत्र जमायचं. एवढं झालं पाहिजे. हे दुसरं कुणी करणार नाही, मलाच करावं लागणार.

दुपारी १२

कालपासून ग्रुपवर पासष्ट मेसेज. फुलं, पणत्या, नाचणारी मांजर आणि वाघोलीतला एक रीसेल फ्लॅट. माझा ट्रिपचा मेसेज त्यात कुठे गेला ते मलाही सापडेना. म्हणून सेटिंग बदललं. आता ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतो. अ‍ॅडमिन मी एकटा. दोन दिवसांपुरतंच. मग उघडायचं.

४ जानेवारी, रविवार

परिपत्रक क्र. १ टाकलं. दिवेआगर, १३ ते १५ फेब्रुवारी. मधला दिवस १४, शनिवार. मुद्दाम निवडला, त्या दिवशी कुणाला काही कार्यक्रम नसतो. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. तेवीसपैकी सहा जण ऐनवेळी गळतील हे आधीच धरलं आहे. याला प्लॅनिंग म्हणतात.

एक नियमही टाकला. जे काय असेल ते ग्रुपवर. मला वेगळा फोन नको, वेगळा मेसेज नको. मागच्या वर्षी बावीस जणांची बावीस कारणं एकट्याने ऐकून घेतली. शेवटी मीच त्यांची समजूत काढत होतो की नाही आलात तरी चालेल.

संध्याकाळी: मेसेजखाली अकरा अंगठे आले. विरोध शून्य. साडेसहा वर्षांत पहिल्यांदाच एकमत.

तळजाई उद्यापासून.

९ जानेवारी, शुक्रवार

विमलाबाई, म्हणजे खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण, जिन्यात भेटल्या. ट्रिपचं सांगितलं. त्यांनी विचारलं की एवढे मित्र आहेत तर इथे कधी कुणी येताना दिसत नाही. म्हटलं, सगळे कामात असतात. त्या म्हणाल्या, असं का, समुद्रावर बरे मोकळे असतात. आणि नळ बंद करायला आत गेल्या.

यावर काय बोलायचं ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी सुचतं. पण तोवर त्या वेगळ्याच विषयावर असतात.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. ग्रुपवर तिळगुळाचा फोटो टाकला. सतरा अंगठे. उलट शुभेच्छा मात्र एकाचीही नाही. पूर्वी नुसता धुरळा असायचा. लोक वयानुसार परिपक्व होतात.

ऑफिसात लाडू वाटले, मला दोन मिळाले. दोन्ही खाल्ले. चव लक्षात नाही.

१९ जानेवारी, सोमवार

परिपत्रक क्र. २. कोण कुठून गाडीत चढणार ते कळवा, असं साधं विचारलं होतं. नऊ अंगठे. आता अंगठा कुठून चढणार? टेम्पोवाल्याला नावं हवीत. मी त्याला म्हटलं, माणसं नक्की आहेत, नावं तेवढी यायची आहेत. तो म्हणाला, मग गाडी पण नक्की आहे, ड्रायव्हर तेवढा यायचा आहे.

पुण्यात राहून टेम्पोवाले पण असे झालेत.

२१ जानेवारी, बुधवार

शांतपणे विचार केला. तीन दिवस जास्तच होत होते. निम्म्यांची लग्नं झाली आहेत. खरं तर मजा असते ती एक दिवसाच्या पिकनिकमध्येच. दत्तप्रसादचं कात्रजच्या पुढे शेत आहे. त्यांचं सगळं घराणंच तिथलं, गाव पुण्यात यायच्या आधीपासूनचं. फायनल इयरला आम्ही तिथे आंब्याखाली अभ्यासाला जायचो आणि झोपून परत यायचो. परिपत्रक क्र. ३: शनिवार १४ फेब्रुवारी, दत्तप्रसादचं शेत. त्याला आधी विचारलं नाही, कारण वेगळा फोन करायचा नाही हा नियम. त्यानेही अंगठा दिला. म्हणजे झालं.

गाडी रद्द केली. टेम्पोवाला हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. झेंडावंदनाला जाणार होतो, जाग नऊला आली. योगेशच्या स्टेटसला फ्रिज होता, विकणे आहे म्हणून. पाहिला. फ्रिज माझ्याकडे आहे. पुढचं स्टेटस उघडलं.

त्याच्यासाठी एक फ्रेम करायला टाकली आहे. जुन्या खोलीचा फोटो, दोघं खाटेवर, मागे दोरीवर कपडे. देणार शेतावर, सगळ्यांसमोर. दोन शब्दही बोलणार. भाषण तयार आहे. फार लांब नाही, सात मिनिटं.

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११.१०

योगेशचा फोन आला. मी मीटिंगमध्ये नव्हतो, पण कट केला. नियम मीच मोडला तर बाकीच्यांना काय तोंड दाखवणार? मेसेज केला: जे असेल ते ग्रुपवर टाक, सगळ्यांना कळेल.

११.१४

अंगठा आला. योगेश कन्फर्म.

४ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी सहाला पुन्हा योगेश. या वेळी उचलणारच होतो. हात फोनवर होता. फोन टेबलावर थरथरत स्टेपलरपर्यंत गेला आणि थांबला. आता बोललो असतो तर फ्रेमचं तोंडातून गेलं असतं. मला गुपित ठेवता येत नाही, हा माझा जुना दोष. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. शेतावर निवांत बोलू. बोलायचं बरंच आहे.

त्याने ग्रुपवर काहीच टाकलं नाही. म्हणजे महत्त्वाचं नसणार.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १

आठवडा राहिला म्हणून जागा बघायला कात्रजला गेलो. दत्तप्रसाद त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला होता. चहा मागवला. शेताचं विचारलं तर म्हणाला, कुठलं शेत, तिथं आता बिल्डिंग हाय, तिसरा स्लॅब पडला. आंबा होता तिथं पार्किंग. मग अंगठा कशाला दिलास म्हटलं. तो म्हणाला, दुसरं काय देता येत होतं का?

मला कळेना. तेव्हा त्याने त्याचा फोन दाखवला. आमचा ग्रुप, आणि खाली जिथे लिहायचं तिथे एक ओळ: फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही कुणी. तो म्हणाला, वेगळा फोन करायचा नाय असं तूच लिवलंय. आम्हाला वाटलं तुला तसंच पायजे. आणि वर म्हणाला, बरंच हाय ना, शांत वाटतं, म्यूट पण करावं लागत नाय.

हे अ‍ॅपच्या कुठल्यातरी अपडेटमुळे झालं असणार. सेटिंग मीच बदललं होतं, पण दोन दिवसांसाठी. वरचे छत्तीस दिवस अ‍ॅपचे.

बसमध्ये बसल्यावर एकदम बरं वाटलं. खूप बरं. म्हणजे लोकांना बोलायचं होतं, त्यांना बोलताच येत नव्हतं. महिनाभर मला जे वाटत होतं ते लिहिलं नव्हतं, आता लिहायला हरकत नाही. वाटत होतं, मी ग्रुपमधून निघून गेलो तरी कुणाला कळणार नाही. आणि कळवणार कोण, अ‍ॅडमिन तर मीच.

पण तसं नव्हतं. सेटिंग होतं.

दुपारी ३

ग्रुप उघडला. निवेदन टाकलं. तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी, आता मनमोकळं बोला, वगैरे.

३.०५ कुणी नाही. रविवार, जेवून झोपले असतील.

३.२० तनुजा लिहीत आहे असं दिसलं. थांबली. पुन्हा लिहायला लागली. तनुजा म्हणजे आमची टॉपर, हा ग्रुप मुळात तिनेच काढून माझ्याकडे सोपवला होता.

३.३१ तनुजाचा मेसेज आला. हा ग्रुप अजून आहे का, असं विचारलंय.

३.५० वाघोलीचा रीसेल फ्लॅट. किंमत उतरली आहे.

४.४० योगेश. लिहिलंय की सगळ्यांना सांगायचं राहूनच गेलं, कंपनीने जॉइनिंग महिनाभर आधी घेतलं, सहा तारखेला मुंबईहून निघालो, काल पोचलो. थंडी खूप आहे. सोबत एका बसस्टॉपचा फोटो.

मग सगळे सुटले. अभिनंदन, केक, विमानं. तनुजाने तिथल्या चुलतबहिणीचा नंबर दिला. दत्तप्रसादने विचारलं की तिकडं प्लॉटचा काय रेट हाय. अर्ध्या तासात चाळीस मेसेज. ग्रुप इतका जागा मी कधीच पाहिला नव्हता.

मी काही लिहिलं नाही. कुकर लावला.

९ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसच्या खिडकीतून त्याची इमारत दिसते तशी दिसली. दहाव्या मजल्यावर कुणीतरी पडदा सारखा करत होतं. मी वाट बघत होतो वाईट वाटायची. जेवणाची सुट्टी झाली.

परिपत्रक क्र. ४. योगेश नसला तरी बाकीचे आहेत. १४ तारखेला संध्याकाळी पाच वाजता कॅम्पातल्या एका कॅफेत चहा. शेतापेक्षा हे सोयीचं. आठ जणांचं टेबल सांगितलं. हो लिहिलं चार जणांनी, शब्दांत. अंगठे आता मी धरत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पाचला पोचलो. सगळीकडे लाल फुगे आणि दोन-दोन खुर्च्यांची टेबलं. आठ जणांचं एकच, मधोमध, त्यावर मी. वेटरने फार अदबीने विचारलं की मॅडम यायच्या आहेत का. म्हटलं, मेकॅनिकलचे मित्र यायचे आहेत. त्याने मेणबत्ती उचलून नेली.

साडेपाचला तनुजाचा मेसेज: मुलाला ताप आहे, सॉरी. पावणेसहाला दत्तप्रसाद आला. बायको गाडीत बसली होती. तो उभ्यानेच म्हणाला की आज तरी तारीख बघायची होती ना भावा. एक सँडविच बांधून घेऊन गेला. बाकीच्या दोघांनी 'बघू' लिहिलं.

सव्वासहाला मॅनेजरने टेबल सोडायला सांगितलं. सोडलं. फ्रेम पिशवीतच होती. रिक्षात मांडीवर धरून आणली.

भाषण पाठ होतं. घरी एकदा म्हटलं. साडेचार मिनिटांतच संपलं.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.३०

तिकडे आत्ता सकाळचे दहा. योगेशला फोन केला. साधा, ग्रुपवर न विचारता.

त्याने लगेच उचलला. आवाज तसाच. थंडीचं बोललो. भाताचं बोललो, तो तिथे मिळतो. फ्रिज विकला गेला का विचारलं, गेला म्हणाला. मग मी विचारलं की तीन आणि चार तारखेला फोन कशासाठी केला होतास.

तो म्हणाला, काही नाही रे, असंच.

म्हटलं, सांग तरी. मग त्याने सांगितलं. खराडीचा फ्लॅट त्याने महिनाअखेरीला सोडला होता. आई-वडिलांना भेटून गावाहून परत आला, आणि विमानाच्या आधी दोन रात्री पुण्यात काढायच्या होत्या. माझ्याकडे येऊ का, एवढंच विचारायचं होतं. खाली गादी टाकली असती, म्हणाला, पूर्वीसारखी. गप्पा मारल्या असत्या. पण ते ग्रुपवर कसं विचारणार?

मग कुठे राहिलास, मी विचारलं.

बिबवेवाडीतच, म्हणाला. तुझ्या गल्लीच्या पुढच्या चौकात तो लॉज आहे ना, तिथे. दोन्ही दिवस संध्याकाळी खाली येऊन उभा राहिलो होतो, वाटलं ऑफिसातून येताना तू दिसशील.

त्या दोन्ही दिवशी मी मागच्या रस्त्याने आलो होतो. फ्रेमवाला तिकडे आहे. हे मी त्याला सांगितलं नाही.

मी विचारलं, लॉज कसा होता.

तो म्हणाला, बरा होता. गरम पाणी यायचं.