ओटी शकूची, कवळी हैबतची

मी, कृष्णाबाई दाजी घरत, राहणार गडब, तालुका पेण, शिक्षण दुसरी पास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्या धाकाशिवाय आणि फार खुशीत लिहिते. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. मुलगा हैबत म्हणेल, म्हातारीला भ्रम झाला. म्हणू दे.

१. गडबचं घर माझ्या बापाने माझ्या नावावर केलं. ते ओटी-परड्यासकट मी माझी सून शकू हिला एकटीला देते.

कारण सांगते. हैबत ओटीवर इंग्रजीचा क्लास घेतो. पोरांचं ठीक, पण शकूने भाकरी वाढली तरी विचारणार, 'सिन्स कधी, फॉर कधी? शी हॅव का शी हॅज?' चुकली की ताट सरकवायचा. नातीला बघायला रोह्याची माणसं आली, त्यांनी कौतुकाने शकूला इंग्रजीत विचारलं, गडबला येऊन किती वर्षं झाली? हिने धीर करून उत्तर दिलं. तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, "चूक. पुन्हा." हातात चहाचा ट्रे, तशीच उभी. "पुन्हा." चहावर साय धरली तरी "पुन्हा." पाहुणे हसले. तेव्हापासून शकू परक्यासमोर तोंड उघडत नाही, मराठीतसुद्धा.

२. माझी नणंद विमलबाई सगळ्यात मोठ्याने हसली. तिला त्या दिवसाचे कप द्यावे. एकेकाचा कान मी आज सकाळीच मोडून ठेवला आहे. बरं वाटलं.

३. हैबतला क्लास चालवायचा असेल तर दर सोमवारी, पोरं बसलेली असताना, भरल्या चहाचा ट्रे धरून शकूकडे इंग्रजीत परवानगी मागावी. शकूने झोपाळ्यावर बसून "पुन्हा" म्हणावं. चूक नसली तरी म्हणावं. कंटाळा आला तर ओटी खताची पोती ठेवायला भाड्याने द्यावी.

४. माझी कवळी हैबतला. इंग्रजी शब्द म्हणताना ती सुटायची, तेव्हा हा पोरांना हाका मारून दाखवायचा. आता जेवताना समोर ठेवावी.

५. अग्नी हैबतनेच द्यावा, तो हक्क मी काढत नाही. पण दहाव्याला धरमतरच्या खाडीवर तो "घर शकूचं" असं जमलेल्या माणसांसमोर म्हणेपर्यंत मी पिंडाला कावळा शिवू देणार नाही. आणि एकदा म्हणून भागणार नाही.

हे आज शकूला वाचून दाखवलं. साक्षीसाठी आलेले निसीमभाऊ समोरच होते, तिने आधी कधी न पाहिलेले. मी विचारलं, "कसं वाटलं गो?" तिने पदराने तोंड पुसलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाली,

"आई, पुन्हा वाचा."

मी वाचलं.

सही: कृष्णाबाई दाजी घरत
ठिकाण: गडब. तारीख: ९ जानेवारी २००९

आमच्यादेखत सही केली, आम्हीही केली:
१. निसीम बेंजामिन रोहेकर, रोहा
२. रघू काळुराम पाटील, गडब